गुरांस लस, मग वडिलांस कां नको ?

मृगापूर्वीं घटसर्प व फऱ्या यांची लस गुरांस टोंचून घ्यावी, हें आतां कोणा शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. रोग गोठ्यांत शिरल्यावर धांवाधांव करण्यापेक्षां आधीं बंदोबस्त बरा, हें आपणांस पटलेलें आहे. मग हाच न्याय माजघरांत कां लागूं नये ?

फ्लू म्हणजे साधें पडसें नव्हे. 1918 सालीं जूनमध्यें तो मुंबईंत शिरला व त्या सांथींत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. तशी सांथ क्वचित् येते. परंतु फ्लू प्रतिवर्षीं येतो, व आपल्याकडे त्याचा जोर बहुधा पावसाळ्यांत असतो. तरणा गडी चार दिवस अंथरूण धरून उठतो. पण साठी उलटलेलीं माणसें, गरोदर स्त्रिया, लहान मुलें व दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले लोक यांच्या तो जिवावर बेतूं शकतो.

रत्नागिरी जिल्ह्यांत तर कर्तीं माणसें मुंबईस व म्हातारींकोतारीं गांवीं, अशीं घरें पुष्कळ. गणपतीस चाकरमानी येतात, हा आमचा आनंद; पण त्यांच्यासंगें मुंबईचा खोकलाहि येतो. म्हणून लस दोहोंकडील मंडळींनीं घ्यावी. सहा महिन्यांखालील बाळास ती देतां येत नाहीं. आईनें गरोदरपणीं घेतल्यास त्यासहि आधार मिळतो. विषाणू रूप पालटतो, सबब लस दरवर्षीं घ्यावी लागते. अंगीं प्रतिकार येण्यास सुमारें दोन आठवडे लागतात. तेव्हां मे महिना साधावा, व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

लस घेऊनहि ताप आला, असें सांगणारे भेटतात. तें खोटें नाहीं; परंतु दुखणें बळावण्याचा धोका लशीनें कमी होतो. कुंपण असूनहि एखादें रानडुक्कर शेतांत शिरतें, म्हणून कोणी कुंपण उपटून टाकीत नाहीं.

अडचण आहे ती खर्चाची. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमांत ही लस नाहीं. बहुतेकांस ती पदरच्या पैशानें घ्यावी लागते. गुरांस टोंचण्यास सरकारचा पशुवैद्य गांवांत येतो. तर वृद्धांस व गरोदर स्त्रियांस ही लस प्राथमिक आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळावी, अशी मागणी आपल्या संघानें जिल्हा परिषदेकडे करावी, असें आमचें मत आहे. तोंपर्यंत खतबियाण्यांच्या यादींत आईबापांच्या लशीचा खर्चहि मांडावा, अशी सभासदांस आमची आग्रहाची विनंती आहे.