एका पेनीसाठी पायपीट



दक्षिण आफ्रिका म्हटले की आपल्या घरांत नेल्सन मंडेलांचे नाव निघते, फार तर सोवेटोचे. आज आम्ही दुसऱ्याच एका वस्तीची हकीकत सांगणार आहोत. जोहान्सबर्गच्या ईशान्येला, जुक्स्केई नदीच्या काठी ॲलेक्झांड्रा ही काळ्या कष्टकऱ्यांची वस्ती आहे. मूळची जेमतेम एक चौरस मैलाची.

ती वसली १९१२ साली. जागेच्या गोऱ्या मालकाने प्लॉट पाडले होते गोऱ्यांसाठीच, पण शहरापासून इतक्या लांब कोणी येईना, म्हणून ते काळ्यांना विकले. पुढच्याच वर्षी, १९१३ साली, देशाच्या बहुतेक भागात काळ्या माणसाला जमीन घेण्यास बंदी करणारा कायदा आला. ॲलेक्झांड्रा त्याच्या आधीची, म्हणून तिथल्या लोकांच्या हाती खरेदीखत राहिले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढचे दुखणे तिच्यातूनच निघाले.

खरेदीखत होते, पण सोयींच्या नावाने शंख! वीज नाही, म्हणून वस्तीला ‘अंधारनगरी’ असेच नाव पडले. मालक अंगणात खोल्या काढून भाडेकरू ठेवीत. एकेका अंगणात कितीतरी बिऱ्हाडे. बाप्ये शहरात कामाला जात. कितीतरी बाया गोऱ्यांच्या घरची धुणी आणून धूत आणि गाठोडी परत पोचवीत. आपल्या भिशीसारखी तिकडे ‘स्टॉकवेल’ असते. मयतासाठी वर्गणी काढणारी मंडळे निराळी, कारण गरिबालाही आपले माणूस इज्जतीने पोचवायचे असते. पोरे ‘पेनी व्हिसल’ नावाची स्वस्तातली पत्र्याची बासरी वाजवीत. त्या बासरीच्या संगीताला ‘क्वेला’ म्हणतात. क्वेला म्हणजे ‘चढा’.

आणि १९५७ साली घोषणा झाली ‘अझिक्वेल्वा’, म्हणजे बसमध्ये चढायचे नाही!

तारीख ७ जानेवारी. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा महिना उलटून एकच दिवस झाला होता. इकडे आपल्या वस्त्या शोकात बुडालेल्या, तिकडे ॲलेक्झांड्राची माणसे पहाटेच्या अंधारात पायी निघाली. बस कंपनीने ४ पेनीचे भाडे ५ पेनी केले होते. एका पेनीने काय होते, असे पोट भरलेला माणूस विचारील. जाता-येता दोन पेनी, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे बारा पेनी, म्हणजे एक शिलिंग. पगाराच्या आधीच ज्या घरचा डबा रिकामा होतो, त्या घरच्या बाईला हा हिशोब समजावून द्यावा लागत नाही.

शहर सुमारे नऊ मैल. जाताना नऊ, दिवसभर राबून येताना नऊ. १९४३ साली असाच बहिष्कार नऊ दिवस चालला होता, तरुण मंडेला त्यात चालले होते, आणि कंपनीने माघार घेतली होती. १९४४ साली सात आठवडे लागले. या वेळी तीन महिने! बडे पुढारी डिसेंबर १९५६ पासून राजद्रोहाच्या खटल्यात अडकलेले. १५६ जणांना धरले होते. तेव्हा लढा वस्तीतल्या साध्या माणसांनीच रेटला. काही गोरे मोटारवाले वाटेत लोकांना गाडीत घेत, हेही नमूद केले पाहिजे. पोलीस त्या गाड्या अडवीत आणि चालणाऱ्यांचे पास तपासून धरपकड करीत.

शेवटी शहरातल्या व्यापारी मंडळींनी वरच्या पेनीची तजवीज केली. कामगाराला तिकीट पुन्हा चार पेनीत मिळाले. त्याच वर्षी मालकांकडून बसभाड्यासाठी कर घेण्याचा कायदा झाला. सरकारने हे प्रेमाने केले असे कोणी समजू नये.

कारण १९६३ साली त्याच सरकारने ठरवले की ॲलेक्झांड्रात कुटुंबे नकोतच. फक्त एकट्या मजुरांची वसतिगृहे ठेवायची, पुरुषांची वेगळी आणि बायांची वेगळी. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरे कुठे ते तुमचे तुम्ही बघा! हजारो लोकांना सोवेटो, टेंबिसाकडे हलवले. ज्यांच्याकडे खरेदीखते होती त्यांची घरे-जमिनी सरकारने काढून घेतल्या. आमच्या मते वर्णद्वेष्ट्यांच्या डोळ्यांत खरी सलत होती ती काळ्या माणसाची मालकी.

पण लोक हटले नाहीत. रेव्हरंड सॅम बुटी यांच्या पुढाकाराने ‘ॲलेक्झांड्रा वाचवा’ चळवळ उभी राहिली आणि १९७९ साली सरकारला वस्ती कुटुंबांसाठी ठेवणे भाग पडले. तोवर वसतिगृहे तीनच उभी झाली होती. वस्ती वाचली, जमिनीची मालकी मात्र गेलेली. १९९४ साली मंडेलांचे सरकार आले, तेव्हा जुन्या मालकांच्या वारसांनी पेटीतली पिवळी खरेदीखते बाहेर काढली. ते दावे पुढे वर्षानुवर्षे रखडत राहिले.