न तुटणारे विष आणि नफ्याचा हिशेब

परफ्लुरोऑक्टॅनोइक आम्ल ऊर्फ ‘सी-८’ या रसायनाने जगभर जे विष पसरविले, तो केवळ विज्ञानाच्या अजाणतेपणाचा परिणाम होता, असे मक्तेदार भांडवलाचे वकील सांगतात. कागदपत्रांची साक्ष वेगळी आहे.

या रेणूतील कार्बन व फ्लोरिन यांचा बंध सेंद्रिय रसायनांतील सर्वांत बळकट बंधांपैकी एक. टेफ्लॉनच्या उत्पादनात हे आम्ल साबणासारखे काम करीत असे. परंतु जो टिकाऊपणा मालकाला सोयीचा, तोच जनतेला घातक. निसर्गात ते विघटित होत नाही. रक्तात शिरले की त्याचे प्रमाण निम्मे होण्यासही वर्षे लागतात.

अमेरिकेतील पार्कर्सबर्गजवळ ड्यूपाँ कंपनीने १९५१ पासून ते वापरले. त्यामुळे उंदरांचे यकृत वाढते, हे कंपनीच्या तज्ज्ञांना १९६१ मध्येच ठाऊक होते. १९८१ मध्ये तेथील कामगार स्त्रियांच्या सात अपत्यांपैकी दोघांच्या डोळ्यांत दोष आढळले. स्त्रियांना त्या विभागातून हलविले; रसायन तेथेच राहिले. १९८४ मध्ये ते आसपासच्या नळाच्या पाण्यात सापडले. कंपनीने गावकऱ्यांना सांगितले नाही. हा अजाणतेपणा काय?

२००५ मध्ये सरकारशी तडजोड झाली ती अवघ्या १ कोटी ६५ लाख डॉलरांवर. २०१२ पर्यंत शास्त्रज्ञांच्या मंडळाने मूत्रपिंड व वृषणाच्या कर्करोगासह सहा विकारांशी त्याचा संभाव्य संबंध दाखविला. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य ठरविले.

इटलीत त्रिसिनो येथील मितेनी कारखान्याने याच कुळातील रसायनांनी पाणी दूषित केले. तो २०१८ मध्ये दिवाळखोर झाला. २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा ठोठावल्या. दरम्यान त्याची यंत्रसामग्री लिलावात विकली जाऊन रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे येथे आली. भांडवलाला सरहद्द नसते. कायद्याला मात्र ती असते!

म्हणून कामगार संघटनांची मागणी स्पष्ट हवी : कोणती द्रव्ये बनतात याची खुली माहिती, सांडपाण्याची स्वतंत्र तपासणी आणि मालकाच्या खर्चाने कामगार व ग्रामस्थांची रक्तचाचणी. पार्कर्सबर्गच्या जनतेला सत्य कळण्यास काही दशके लागली. कोकणच्या जनतेने तितकी वाट का पाहावी?