बंड्याची कोलांटी

आमच्या टीव्हीखालच्या फळीवर एक योद्धा उभा असतो. वीतभरसुद्धा उंची नाही, अंगात हिरवा अंगरखा, हातात तलवार. आई धूळ पुसताना त्याला कधी मनीप्लँटच्या कुंडीत उभा करते, कधी गणपतीशेजारी. त्याचं खरं नाव लिंक. मी ठेवलेलं नाव बंड्या.

बंड्या म्हणजे निन्टेन्डोचा अमीबो. या बाहुल्या २०१४ साली आल्या. तळाशी एक चिप असते. बाहुली कंट्रोलरला टेकवली की ती 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' या खेळात उतरते आणि स्वतःच्या डोक्याने लढते. लेव्हल १ पासून सुरुवात, ५० ला शेवट. लढाई संपली की पुन्हा टेकवायची, म्हणजे शिकलेलं सगळं चिपवर साठतं. ऑनसाइटहून परतलेल्या एका मित्राने मला हा आणून दिला, आणि गेले दोन महिने माझे शनिवार-रविवार त्याच्या शिकवणीत चाललेत. (हो, वय वर्षं अठ्ठावीस. हसा.)

ज्यांनी स्मॅश खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९९ साली निन्टेन्डो ६४ वर हा खेळ पहिल्यांदा आला, अल्टिमेट आला डिसेंबर २०१८ मध्ये. यात जीवनरेषा संपली की मेला, असा प्रकार सहसा नसतो. मार खाल्ला की टक्केवारी वाढते, आणि ती जितकी जास्त तितका खेळाडू पुढच्या फटक्याला लांब उडतो. पडद्याच्या पार बाहेर गेला की खलास. त्यामुळे मारण्याइतकंच महत्त्वाचं काय, तर हवेतून परत मंचावर येणं, आणि दुसऱ्याला येऊ न देणं.

आता शिकवणीचं. आधी मी आळशी मार्ग धरला. बंड्याला लेव्हल ९ च्या कॉम्प्युटरशी लढायला सोडलं आणि बाहेर जेवून आलो. असं दोन-तीनदा करून पोरगा लेव्हल ५० ला पोचला, पण खेळायचा अगदी सरकारी. जाणकारांचा सल्ला असा, की जे पात्र शिकवायचं तेच आपण घ्यायचं आणि समोरासमोर लढायचं. तो बघून शिकतो. म्हटलं ठीक. सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

महिन्याभराने बंड्याला एक वाईट खोड लागली. जरा दबाव आला की कोलांटी मारून माझ्या मागे जायचा. एकदा, दोनदा, तीनदा. अल्टिमेटमध्ये लागोपाठ कोलांट्या मारल्या की प्रत्येक पुढची कोलांटी आणखी मंद होते आणि तिच्यातला बचावही घटतो. म्हणजे चौथ्या कोलांटीला समोरच्याने नुसतं उभं राहून वाट बघायची आणि हाणायचं. मी वैतागलो. "अरे गाढवा, किती वेळा मार खाणार?" असं खरंच मोठ्याने म्हणालो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुणाला बोलतोयस?"

मग शनिवारी सहज म्हणून माझ्या जुन्या लढतींच्या साठवलेल्या चित्रफिती लावल्या. बघतो तर काय, कोलांट्या मीच मारत होतो. जरा अंगावर आलं की मागे. अंगावर आलं की मागे. इतका सवयीचा भाग, की बोटं ते करतायत हे डोक्याला ठाऊकच नाही.

इथे थोडं तांत्रिक. बंड्याच्या चिपवर ५४० बाइट असतात, त्यातले ५०४ वापरता येतात, आणि त्यातलेही खेळाच्या वाट्याला येतात फक्त २१६. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे बंड्याचं सगळं शिक्षण ७२ चिन्हांत बसतं, या परिच्छेदाची पहिली दोन वाक्यंसुद्धा पुरती मावायची नाहीत. एवढ्या जागेत तो 'का' कुठून साठवणार? कुठली गोष्ट किती वेळा करायची याचे काही आकडे, बस. लढायची मूळ अक्कल खेळातच असते, बाहुलीत असतो तो फक्त तिचा कल.

म्हणून बरेच जण नाक मुरडतात, की हे काय शिकणं, खरी एआय वेगळी. खरी बघायची तर तीही आहे. २०१७ साली व्लाद फिरोयू आणि सहकाऱ्यांनी एक पेपर लिहिला. २००१ च्या 'मेली' या स्मॅशमध्ये त्यांनी न्यूरल नेटवर्कला कॅप्टन फाल्कन खेळायला शिकवलं, आणि त्याने नामांकित खेळाडूंना हरवलं. त्याची प्रतिक्रिया दोन फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागात यायची. माणसाला साधारण पाचवा भाग तरी लागतोच. पण त्याच पेपरात एक गंमत आहे. एक हुशार खेळाडू मंचाच्या काठावर जाऊन नुसता वाकून बसला. नेटवर्क गोंधळलं, हल्लाच करेना, आणि शेवटी दुसऱ्या बाजूने स्वतःच खाली पडलं. कारण शिकताना असं वागणारं कुणी त्याला भेटलंच नव्हतं.

थोडक्यात काय, २१६ बाइट असोत नाहीतर भलंमोठं नेटवर्क, समोर जे आलं तेच शिकणार. माझं मत विचाराल तर शिकवणाऱ्याच्या दृष्टीने बंड्याच बरा. मोठ्या नेटवर्कमध्ये कुणाची खोड कुठून आली हे शोधणं मुश्किल. बंड्यात माझा हात स्वच्छ दिसतो. कुठे पळवाट नाही.

हे सगळं मी एवढं गंभीरपणे का सांगतोय? कारण आमच्या टीममध्ये या वर्षी एक नवीन पोरगा आलाय. लातूरकडचा, कॉलेजातून थेट. पहिले दोन दिवस 'सर' म्हणायचा, मी नको म्हटल्यावर 'दादा' म्हणायला लागला. त्याला तयार करायची जबाबदारी माझी. पहिल्याच दिवशी मी बजावलं होतं, प्रॉडक्शनवर थेट हात लावायचा नाही, आधी टेस्टिंग. पुढचे तीन महिने तो माझ्या शेजारी बसला आणि जवळजवळ दर शुक्रवारी संध्याकाळी त्याने काय बघितलं, तर मी थेट प्रॉडक्शनवर 'छोटासा बदल' करतोय.

मला कुठली सेटिंग धोक्याची आणि कुठली नाही हे माहीत होतं. बिघडलं तर मागे कसं जायचं तेही डोक्यात होतं. पण हे मी कधी बोललोच नाही. त्याच्यापर्यंत पोचलं ते एवढंच, की दादा हे करतो आणि काही होत नाही. गेल्या शुक्रवारी त्याने तेच केलं. शनिवारभर क्लायंटचे रिपोर्ट बंद. सोमवारच्या कॉलवर मॅनेजरने विचारलं, "हे असं करायला कुणी सांगितलं?" पोरगा खाली मान घालून गप्प. आणि मीही गप्प. त्याच्या नावावर शेरा पडला, 'प्रोसेस पाळत नाही'.

त्यानंतर पाच दिवसांनी मी बंड्याला गाढव म्हणालो. आणि मग त्या चित्रफिती बघितल्या.

बंड्या विचारू शकत नाही की बाबा रे, तू कोलांटी का मारलीस. त्याच्याकडे जागाच नाही. पोराकडे होती. तो विचारेल असं वातावरण मी ठेवलं नाही, आणि स्वतःहून सांगितलंही नाही. मग अमीबोत आणि माणसात मी फरक तो काय केला?

असो. बंड्याची खोड सुटतेय. त्यासाठी त्याला काही सांगावं लागलं नाही. मीच कोलांट्या बंद केल्या, ढाल धरून उभं राहायला शिकलो. सुरुवातीला सडकून हरलो, मग हळूहळू तोही उभा राहायला लागला. अल्टिमेटमध्ये अमीबोचं शिकणं बंद करायचं एक बटण असतं. आपलं बोट घसरणार असं वाटलं की मी ते बंद करून खेळतो. ऑफिसात असं बटण नाही. तिथे पोरगा सगळं बघतो, सगळा वेळ.

मॅनेजरला मेल लिहून ठेवलाय. चारच ओळी आहेत : ही सवय माझी, त्याने माझ्याकडून उचलली, शेरा माझ्या नावावर हवा. दोन दिवस ड्राफ्टमध्ये पडलाय. उद्या सोमवार. सकाळच्या मीटिंगच्या आधी पाठवायचा, मागे कोलांटी न मारता.