डोकं जड पडतं, तो आळस नव्हे!

रब्बीचा हंगाम भरात आला की गावोगावी एक तक्रार हमखास ऐकू येते. "साहेब, हल्ली डोकंच चालत नाही." बोलता बोलता नाव आठवत नाही. दुसरा हप्ता टाकला की राहिला, याचा घोळ होतो. मोटर बंद केली का, हे बघायला दोनदा विहिरीवर जावं लागतं. कागद समोर धरला तर पाचव्या ओळीला पहिली ओळ विसरलेली असते. घरचे म्हणतात वय झालं, शेजारी म्हणतात आळस भरला.

डॉक्टर मंडळी याला 'ब्रेन फॉग' म्हणतात, म्हणजे डोक्यात धुकं. हा काही वेगळा रोग नव्हे. शरीराला काहीतरी कमी पडतंय किंवा नको ते जास्त होतंय, याची ती खूण आहे. पिकाचं पान पिवळं पडलं तर आपण पानाला शिव्या देत नाही. मुळाशी पाणी साचलं, नत्र कमी पडलं की लोह, हे आधी बघतो. माणसाच्या डोक्याचंही तसंच बघितलं पाहिजे.

माझं मत स्पष्ट आहे. शेतकऱ्याच्या डोक्यातलं हे धुकं बहुतेक वेळा टॉनिकच्या बाटलीने किंवा सलाईनने हटणारं नाही. झोप, पाणी, जेवण आणि फवारणीची शिस्त, ही त्याची खरी औषधं आहेत. त्यातली झोप तर एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही. तो गावाचा आणि शासनाचाही प्रश्न आहे.

झोपेची थकबाकी

मोठ्या माणसाला चोवीस तासांत निदान सात तास झोप लागते. रात्रपाळीची लाईट असलेल्या गावात काय होतं? रात्री लाईट आली की बॅटरी घेऊन शेतावर जायचं, पहाटेपर्यंत दारं धरायची, आणि उजाडलं की धारा काढायला गोठ्यात. मग डेअरी, मग मजूर, मग बाजार. तीन-चार तासांच्या झोपेवर आठवडा काढायचा. बँकेची थकबाकी दिसते, ही दिसत नाही. पण वसूल तीही होतेच.

ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामातली अचूकता, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी खाली आली होती. आपल्याकडे गाडी चालवताना ०.०३ टक्क्याच्या वर दारू सापडली की गुन्हा होतो. म्हणजे थेंबही न घेतलेला माळकरी शेतकरी रात्रभर पाणी देऊन सकाळी मोटारसायकलवर बसतो, तेव्हा त्याचं डोकं पिणाऱ्याइतकंच मंद असू शकतं. त्याच डोक्याने तो औषधाचं माप घेतो, कडबाकुट्टीत हात घालतो, अंधारात बांधावर पाय टाकतो. साप त्याच बांधावर असतो.

यावर घरच्या घरी काय करता येईल? रात्रीची पाळी असेल त्या दिवशी लाईट यायच्या आधी, संध्याकाळी लवकर जेवून दोन-तीन तास झोप काढावी. दुपारी वीस मिनिटांची डुलकी घ्यावी, तिला आळस म्हणू नये. झोपायच्या आधीच्या पाच-सहा तासांत चहा नको. दारूने डोळा लागतो, पण ती झोप तुटक असते, धुकं वाढवणारी असते. आणि मळणीला, काढणीला आपण सावड करतो, तशी रात्रीच्या पाण्याची सावड का करू नये? एका रात्री तुम्ही दोघांची दारं धरा, दुसऱ्या रात्री शेजारी धरेल. निम्म्या रात्री तरी घरात जातील. ठिबक असेल तर बांधावर उभं राहणं आणखी कमी होईल.

पाणी, जेवण आणि रक्त

उन्हात कामाला गेलेला माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. साठ किलोच्या माणसाच्या अंगातलं सव्वा लिटर पाणी कमी झालं तरी लक्ष लागेनासं होतं, डोकं दुखतं. तहान लागेपर्यंत थांबू नये. दर अर्ध्या तासाला तांब्याभर पाणी प्यावं. घाम फार गेला तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घ्यावं. ताकही चांगलं. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावं.

अनेकांचा सकाळचा आहार म्हणजे दोन कप चहा आणि तंबाखूची चिमूट. भाकरी पोटात जाते दुपारी. शेतात जाताना न्याहारी करून जायची आपली जुनी रीत होती, ती परत आणावी. भाकरीबरोबर मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, पालेभाजी आणि वर लिंबू पिळावं. लिंबाने लोह अंगी लागतं, जेवणाला लागून घेतलेल्या चहाने ते वाया जातं. भाजी लोखंडी कढईत करावी.

हे बायाबापड्यांसाठी तर फारच महत्त्वाचं आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. सगळ्यात आधी उठणारी आणि सगळ्यात शेवटी जेवणारी बाई "मला चक्कर येते, काही सुचत नाही" म्हणते, तेव्हा ते नखरे नसतात. दोघांतिघांपैकी एकीच्या तरी अंगात रक्तच नसतं. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, लोहाच्या गोळ्याही मिळतात.

दुसरी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्वाची. हे भाजीपाल्यात नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. डेअरीला सगळं दूध घालून घरात काळा चहा पिणाऱ्या शाकाहारी कुटुंबाने याचा विचार करावा. विसरभोळेपणा आणि हातापायाला मुंग्या, अशी जोडी दिसली तर तपासणी करून घ्यावी. निदान पावशेर दूध घरच्यांसाठी ठेवून मगच किटली डेअरीला न्यावी.

फवाऱ्याचं धुकं वेगळं

एक धुकं मात्र घरगुती उपायावर सोडायचं नाही. फवारणीनंतर डोकं गरगरतंय, मळमळतंय, तोंडाला पाणी सुटतंय, दरदरून घाम येतोय, डोळ्यापुढे अंधुक दिसतंय, तर तो थकवा नसून विषबाधा असू शकते. लिंबूपाणी पाजत बसू नका. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ते विसरून चालणार नाही.

जागरण आणि फवारणी यांची गाठ पडली तर आणखी वाईट. डब्यावर दहा लिटरला वीस मिली लिहिलेलं असतं, आपला पंप असतो पंधरा लिटरचा. म्हणजे तीस मिली. साधा हिशेब आहे, पण झोप नसलेल्या डोक्याला तोही जमत नाही आणि मग "दोन टोपणं टाक" होतं. म्हणून माझं सांगणं, रात्री पाणी दिलं त्या सकाळी फवारणी ठेवूच नका. पंपाचं माप आदल्या दिवशी शांत डोक्याने काढून कागदावर लिहून ठेवा.

गावाने आणि कार्यालयांनी काय करावं

रात्र जागलेल्या माणसाला दुपारी दोनला सभेत बसवायचं आणि "आम्ही सगळं समजावून सांगितलं होतं" म्हणायचं, हे बंद झालं पाहिजे. यात आमचं कृषी खातंही आलं. शिबिरं आणि सभा पाण्याच्या पाळ्या बघून ठेवाव्यात. कर्जाचे, विम्याचे, वाटणीचे कागद सहीच्या आदल्या दिवशी घरी द्यावेत, मोठ्याने वाचून दाखवावेत. पेंगुळलेल्या डोळ्यांनी केलेली सही कायद्याने पक्कीच असते.

मूळ दुखणं मात्र रात्रीच्या लाईटचं. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा निघाला. जिथे अजून रात्रपाळी आहे तिथल्या ग्रामपंचायतींनी उपकेंद्राजवळची जागा दाखवावी, ग्रामसभेत ठराव करावा, पाठपुरावा सोडू नये. दिवसाची वीज ही नुसती पिकाची सोय नाही, ती माणसाच्या डोक्याचं औषध आहे.

दवाखाना कधी गाठायचा?

झोप, पाणी, जेवण नीट करून दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरकडे जावं. रक्त, साखर, थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्यावं. चालू असलेल्या गोळ्या दाखवाव्यात, काही गोळ्यांनीही सुस्ती येते. बोलणं अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर एक मिनिटही थांबू नये. आणि डोकं जड असण्याबरोबर कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते मनात ठेवू नका. १४४१६ या सरकारी 'टेलिमानस' क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही.

मोटर गरम झाली तर आपण ती बंद करून थंड होऊ देतो, कारण वाइंडिंग जळालं तर खर्च मोठा. शेतकरी बंधूंनो, तेवढी काळजी स्वतःच्या डोक्याची घ्या. ते रिवाइंड करून मिळत नाही.