अज्ञात कुळाचें पिल्लू आणि आपली दया

गेल्या पावसाळ्यांत वसतिगृहाच्या पायरीशीं कुत्र्याचें एक पिल्लू कुडकुडत बसलेलें आम्हांस आढळलें. त्याचें कुळ कोणतें, मोठेपणीं तें केवढें होईल, हें कोणासच सांगतां येईना. मग ज्यानें त्यानें आपल्या मतीप्रमाणें त्यास खाऊं घातलें. कोणी गाईचें दूध, कोणी कांद्याचें कालवण, कोणी शिजलेलें हाड. दोन दिवसांत पिल्लानें मान टाकली. पशुवैद्यांनीं त्यास वांचविलें, आणि आमचेहि कान उपटले.

दयेसहि मोजमाप हवें, हें आम्हांस तेव्हां उमगलें. गाईचें दूध पुष्कळ पिल्लांस पचत नाहीं. कांदालसूण त्यांच्या रक्तास घातक. शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे आंतड्यांत रुततात. पिल्लांसाठीं केलेलें पूर्णान्न चार महिन्यांपर्यंत दिवसांतून 3-4 वेळां, पुढें सहा महिन्यांपर्यंत 3 वेळां, बेतानें द्यावें. कॅल्शियमची पूड आपण होऊन घालूं नये. पिल्लू थोराड जातीचें निघाल्यास त्याचीं हाडें बिघडतात. सावकाश वाढलेलें पिल्लूहि अखेर आपल्या पुऱ्या उंचीस पोहोंचतेंच.

कुळ ठाऊक नसलें तरी बरगड्या हाताशीं असतात. त्या बोटांस सहज लागाव्या, पण डोळ्यांत भरूं नयेत. हीच खरी पारख.

भूतदया हें नागरिकांचें कर्तव्य म्हणून 1976 सालीं आपल्या राज्यघटनेंत लिहिलें गेलें. परंतु आंधळी दया ही दया नव्हे. ज्याचें कुळ विचारतां येत नाहीं, त्याची भूक तरी नीट ओळखावी, एवढेंच आमच्या विद्यार्थिबंधूंस सांगणें आहे.