कामाविना पुण्याला

पोखर्णीहून पुण्याला निघालेल्या माणसाला वाटेत भेटणारा प्रत्येक परिचित एकच प्रश्न विचारतो : ‘काय काम काढलंत?’ या प्रश्नाची मान्यताप्राप्त उत्तरे ठरलेली आहेत. दवाखाना, कोर्टाची तारीख, मुलाचा प्रवेश, मुलाखत, सोयरीक, लग्न. यांपैकी कोणतेही उत्तर दिले की समोरच्याचे समाधान होते आणि तो पुढे चालू लागतो. ‘गाणे ऐकायला चाललो आहोत, जमल्यास एक सामनाही पाहू’ असे सांगितले की मात्र संभाषणाचा धागा तुटतो. मग आणखी दोन प्रश्न येतात : ‘आणखी कोण आहे बरोबर?’ आणि ‘मागच्या वर्षी जाऊन आलात ना?’ या तीन प्रश्नांत तीन आक्षेप दडलेले आहेत. काम नसताना जाणे, एकट्याने जाणे आणि त्याच शहरात पुन्हा जाणे. आमच्या मते रसिकाची ओळख या तीनच गोष्टींनी पटते. मराठी समाजाने आणि त्याहून अधिक मराठी साहित्याने या प्रवाशाची नीट दखल घेतलेली नाही, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

प्रथम आमच्या गावाकडे पाहू. पोखर्णी हे नृसिंहाचे गाव आहे. परभणी-परळी लोहमार्गावरील स्थानकाचे नावदेखील पोखर्णी नृसिंह असेच आहे. दूरदूरच्या अनेक कुटुंबांचे हे कुलदैवत असल्यामुळे वर्षानुवर्षे तीच माणसे, तीच घराणी येथे येतात. म्हणजे आमचे गाव हे स्वतःच पुन्हापुन्हा येण्याचे ठिकाण आहे. येणाऱ्यांना ‘मागच्या वर्षी आला होतात की’ असे कोणी म्हणत नाही. उलट एखादे वर्ष चुकले तर विचारणा होते. मराठी मुलखातील कोणत्याही गावजत्रेचे स्वरूप आठवून पाहा. रात्री कीर्तन, भजन, भारूड किंवा तमाशा आणि शेवटच्या दिवशी कुस्त्यांचा फड. गाणे आणि खेळ हे एकाच आनंदाचे दोन भाग आहेत, हे गावाला कोणी शिकवावे लागले नाही. मग तोच माणूस डिसेंबरात पुण्याला जाऊन तीन दिवस गाणे ऐकतो आणि एखाद्या वर्षी सामन्यासाठी त्याच शहरात जातो, तेव्हा त्यात चमत्कारिक ते काय? फरक इतकाच की जत्रेला देव हे कारण आहे आणि येथे तसे कारण दाखवता येत नाही. देवाच्या नावावर जो आनंद मोकळेपणी घेता येतो, तो निव्वळ आनंद म्हणून घ्यायला आपण कचरतो.

आता साहित्याकडे वळू. मराठीतील प्रवासलेखनाची परंपरा समृद्ध आहे. पण तिच्यातील प्रवासी बहुधा काहीतरी काम घेऊन निघालेला असतो. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले ते यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने, घरचे कर्ज फिटावे म्हणून. बंड त्यांना वाटेत भेटले आणि ‘माझा प्रवास’ हे असामान्य पुस्तक मराठीला मिळाले. ‘अपूर्वाई’च्या मुळाशीही विलायतेतील प्रशिक्षणाचे निमित्त आहे. या दोन्ही पुस्तकांची थोरवी निमित्तापलीकडची आहे, हे उघड आहे. परंतु आरंभी निमित्त लागले, हेही तितकेच खरे. शिवाय असे लेखन पहिल्या दर्शनाचे असते. दुसऱ्यांदा, पाचव्यांदा, दहाव्यांदा त्याच शहरी गेलेल्या माणसाला काय दिसते, हे सांगणारी पुस्तके शोधावी लागतात.

कादंबरीतही हेच घडते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर शिक्षणासाठी पुण्यास जातो आणि पदवीवाचून गावी परततो. त्यानंतरच्या ग्रामीण कादंबरीत गाव आणि शहर यांच्यामधली वाट बहुतेक एकेरीच राहिली. कोणी शहरात जाऊन तेथलाच होतो, कोणी हरून परत येतो. आमच्या जिल्ह्याचे थोर कवी बी. रघुनाथ हैदराबादेत शिकले आणि परभणीत नोकरी करीत जगले. निजामाच्या राज्यातील त्या पिढीला हैदराबाद हे शिक्षणाचे, सरकारी कामाचे शहर होते. आमच्या पिढीला त्या जागी पुणे आले. पण शहराशी नाते मात्र कामाचेच राहिले. शिक्षण संपवून गावी परतलेला, गावातच सुखाने नांदणारा आणि तरीही वर्षातून एकदा केवळ ऐकण्या-पाहण्यासाठी त्या शहरात जाणारा माणूस आमच्या कथा-कादंबऱ्यांत क्वचितच भेटतो. प्रत्यक्षात तो भरपूर आहे. लातूर-कुर्डुवाडी ही जुन्या बार्शी लाइट रेल्वेची अरुंद वाट रुंद झाल्यापासून नांदेड-पनवेल गाडीत संध्याकाळी बसावे आणि पहाटे पुण्यात उतरावे, इतके हे जाणे सोपे झाले आहे. त्या गाडीत रुग्ण असतात, परीक्षार्थी असतात, ऊसतोडीला किंवा बांधकामावर निघालेली कुटुंबे असतात आणि डिसेंबरात एखादा श्रोताही असतो. पहिल्या तिघांवर आम्ही लिहिले, लिहायलाच हवे होते. चौथा मात्र आम्हाला दिसलाच नाही.

ज्या महोत्सवासाठी हा श्रोता निघतो, त्याचा इतिहासच या आक्षेपांना उत्तर देणारा आहे. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर १९५२ साली निवर्तले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हा उत्सव सुरू झाला. तो ज्यांनी उभा केला आणि दशकानुदशके सांभाळला, त्या भीमसेन जोशी यांचे बालपण आठवावे. अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून वेडावलेला हा मुलगा १९३३ च्या सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षी गदगचे घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. खिशात पैसे नाहीत, बरोबर कोणी नाही. मिळेल त्या गाडीने ग्वाल्हेर आणि पुढे थेट जालंधरपर्यंत मजल. त्याला त्या वेळी वाटेत कोणी ‘काय काम काढलंस?’ असे विचारले असते तर त्याने काय सांगितले असते? अखेर गुरू सापडला तो घराजवळच, कुंदगोळला. म्हणजे लाखो श्रोत्यांच्या या उत्सवाच्या मुळाशी एका मुलाचा गाण्यासाठीचा एकट्याचा प्रवास आहे. आम्ही काही भीमसेन नव्हे. परंतु गाण्यासाठी घर सोडण्याला जो समाज साधकाच्या बाबतीत गौरव मानतो, त्याने श्रोत्याच्या बाबतीत ती चैन का मानावी? गाणाऱ्याला ऐकणारा हवा असतो आणि ऐकणाऱ्यालाही वाट तुडवावी लागते.

एकटेपणाविषयीचा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. आपल्याकडे आनंद समूहाने घ्यावा असा संकेत आहे आणि तो वाईट नाही. पण आमचा अनुभव असा की मैफल आणि सामना हे दोन्ही प्रकार माणसाला गर्दीत बसवतात खरे. तथापि गर्दी दोन्हीकडे निराळे काम करते. सवाईच्या मंडपात भारतीय बैठकीवर हजारो माणसे गुडघ्याला गुडघा लावून बसलेली असतात. तानपुरे लागतात आणि विलंबित ख्यालाची पहिली सम येते तेव्हा शेजारचा माणूस हळूहळू नाहीसा होतो. बरोबर कोणी असले तर त्याला कंटाळा आला आहे का, भूक लागली आहे का, याकडे अर्धे लक्ष राहते. एकट्या श्रोत्याला ही काळजी नसते. तो आवडले नाही तर उठून बटाटेवडा खायला जातो आणि आवडले तर रडतो. दोन्हीचे स्पष्टीकरण कोणाला द्यावे लागत नाही.

मैदानावर याच्या उलट घडते. तेथे एकटा गेलेला माणूस अर्ध्या तासातच एकटा उरत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात गहुंज्याच्या मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांच्यात कसोटी सामना झाला. मिचेल सँटनरने दोन डावांत मिळून तेरा बळी घेतले, तिसऱ्याच दिवशी भारत ११३ धावांनी हरला आणि २०१२ नंतर प्रथमच मायदेशातील मालिका हातची गेली. सलग अठरा मालिका जिंकण्याचा क्रम तेथे तुटला. अशा पराभवाच्या संध्याकाळी अनोळखी माणसे एकमेकांशी घरच्यासारखी बोलतात. गाव कोणते, आडनाव काय, हे कोणी विचारीत नाही. ‘तो फटका मारायला नको होता’ एवढी ओळख पुरते. आपल्या समाजात आडनाव विचारल्याशिवाय सुरू होणारी संभाषणे किती थोडी आहेत, याचा विचार केला म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. मैफलीने माणसाला गर्दीत एकांत दिला, सामन्याने एकट्याला सोबत दिली. या दोन्हींची गरज एकाच माणसाला असते, म्हणूनच आम्ही त्यांना एकाच ओढीत धरतो.

राहिला तिसरा आक्षेप : पुन्हा का? नवे शहर का नाही? साहित्याच्या विद्यार्थ्याला हे सांगण्याची गरज पडू नये. आवडती कविता आपण एकदाच वाचत नाही. यमन आयुष्यभर ऐकला तरी उद्या तो कसा गायला जाईल हे ठाऊक नसते. ठाऊक असते ती चौकट, म्हणून तर नवी जागा आली की ओळखू येते. शहराचेही तसेच. पुन्हा जाणाऱ्यालाच बदल दिसतो. सवाई एकेकाळी रात्रभर चाले आणि भैरवी उजाडता होई. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर ती पद्धत संपली आणि पहाटेच्या रागांना वेगळी सोय पाहावी लागली. उत्सव रमणबागेच्या पटांगणातून २०१८ साली मुकुंदनगरात गेला. ज्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाने वेस्ट इंडिजला अवघ्या ९३ धावांत गुंडाळून विश्वचषकातील सर्वांत मोठ्या धक्क्यांपैकी एक दिला, ते शहराच्या मध्यावर, स्वारगेटहून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट त्यानंतर द्रुतगती मार्गाकडेच्या गहुंज्याला गेले, जेथे चालत जाणारा प्रेक्षक पोचूच शकत नाही. कोणत्या सोयीने कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले, हा हिशेब पहिल्यांदा आलेल्या पर्यटकाला मांडता येणार नाही. तेथेच राहणाऱ्याला तो रोजच्या सवयीमुळे दिसत नाही. तो मांडू शकतो वर्षानंतर परतलेला माणूस.

आमच्यावर दोन गंभीर आक्षेप अजून येऊ शकतात. पहिला असा की आज गाणे आणि सामना दोन्ही हातातल्या फोनवर येतात, मग हा खर्च कशासाठी? उत्तर सोपे आहे. फोनवरचे गाणे आपण थांबवू शकतो. जे थांबवता येते त्याला आपण शरण जात नाही. मंडपात गायकाचा आवाज लागेपर्यंत वाट पाहावी लागते, न लागला तर तेही सोसावे लागते; आणि जो आवाज लागण्याची वाट पाहून लागला, त्याची गोडी निराळी असते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. दुष्काळ, नापिकी आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या सोसणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाने गाण्यासाठी पुण्याला जावे, हे शोभते का? हा प्रश्न आम्ही हलक्याने घेत नाही. परंतु तो फक्त आम्हालाच का विचारला जातो, याचाही शोध घेतला पाहिजे. पुण्याच्या रसिकाला महोत्सवाला जाताना कारण द्यावे लागत नाही. मागास भागातल्या माणसाने मात्र गरजेपुरतेच शहरात यावे, उपचार घ्यावा, अर्ज द्यावा, मजुरी करावी आणि परत जावे, ही अपेक्षा त्याच्या गरिबीइतकीच अन्यायाची आहे. आनंदाचा हक्क पोट भरल्यानंतरच मिळतो असे मानले तर तो आमच्या वाट्याला कधीच येणार नाही. जत्रा दुष्काळातही भरते, हे गावाने केव्हाच ओळखले आहे.

यातून एक मागणीही निघते. सगळे गाणे आणि सगळे मोठे खेळ पुण्या-मुंबईतच का असावेत? महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला झाली होती, आणि सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ कुंदगोळसारख्या लहान गावीही संगीतोत्सव होत आला आहे. तेव्हा हे अशक्य नव्हे. पण आपल्या गावी चांगले गाणे व्हावे असा आग्रह कोण धरील? ज्याने ते कुठेतरी समोर बसून ऐकले आहे, तोच. जाणाऱ्याची परतफेड अशी गावालाच होते.

आणि हे सर्व लिहिताना एक मर्यादा डोळ्यांआड करता येत नाही. आम्हाला विचारले जाते ‘काय काम काढलंत?’, आमच्या भगिनींना विचारले जाते ‘कुणाबरोबर?’. पहिल्या प्रश्नाला हसून उत्तर देता येते, दुसऱ्याला येत नाही. गंगाखेडला जन्मलेली जनाबाई पंढरीची झाली, तिने दळताकांडता जे ऐकले-गायले ते आजही आमच्या तोंडी आहे. तिच्या गावाजवळच्या एखाद्या शिक्षिकेला आज तीन दिवस गाणे ऐकण्यासाठी एकटीने लॉजवर खोली मिळवताना काय सोसावे लागते, हे तिने स्वतः लिहिले तर मराठी प्रवासलेखनात खरी भर पडेल.

शाळा-महाविद्यालयांतील आमच्या मित्रांना शेवटी एकच सुचवावेसे वाटते. महोत्सवासाठी किरकोळ रजेचा अर्ज लिहिताना आपण सारे ‘घरगुती कारणास्तव’ असे लिहितो. हे दोन शब्द या वेळी गाळावेत आणि त्या जागी ‘गाणे ऐकण्यासाठी’ असे स्वच्छ अक्षरात लिहावे. रजा नामंजूर होण्याचा संभव आहे. पण कार्यालयाच्या फायलीत का होईना, त्या प्रवाशाची मराठीत एक नोंद राहील.