रक्त थांबले, उपचार थांबवू नका

या महिन्यात आम्ही अशा दुखण्याबद्दल लिहीत आहोत, ज्याचे नाव आपल्या घरांत कुजबुजतच घेतले जाते : गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनंतर हाच सर्वांत जास्त आढळतो. तो कसा ओळखावा यावर पुष्कळ लिहिले जाते. आज उपचार सुरू झाल्यानंतरचे बोलू, कारण अनेक घरांत गाडी तिथेच अडते.

गाठ गर्भाशयाच्या मुखाबाहेर पसरली असेल तर बहुधा ऑपरेशन न करता रेडिएशन देतात. आपल्याकडे त्याला ‘लाइट देणे’ म्हणतात. सुमारे पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस बाहेरून किरण दिले जातात. सोबत आठवड्यातून एकदा सलाइनमधून सिस्प्लॅटिन हे औषध असते. त्यानंतर ब्रॅकीथेरपी, म्हणजे गर्भाशयात बारीक नळी बसवून आतून दिलेले किरण. हे सगळे आठ आठवड्यांच्या आत संपावे, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. उपचार लांबला तर गाठ पुन्हा डोके वर काढण्याचा धोका वाढतो.

मेख अशी की, रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांतच थांबतो. आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या अम्मीने बाहेरचे किरण संपताच सांगून टाकले, “आता मला बरं वाटतंय, नळीबिळी काही नको.” मुलगा कुवेतला. त्यानेही फोनवरून ‘अम्मीला त्रास नको’ म्हटले. मुलीने आम्हाला विचारले तेव्हा आम्ही एवढेच सुचवले की, गाठ किती उरली आहे ते डॉक्टरांनाच दाखवायला सांगा. सोनोग्राफीत गाठ पहिल्यापेक्षा लहान झालेली दिसली, पण ती तिथेच होती. मग मायलेकी दोघींनी मिळून पुढचा उपचार पुरा केला.

सोनोग्राफीच्या दवाखान्यात गर्भलिंग निदान केले जात नाही, हा फलक आपण सर्वांनी वाचलेला असतो. त्यामुळे सोनोग्राफी म्हणजे बाळंतपणाचेच काम, असा समज झाला आहे. कॅन्सरच्या उपचारात तिची कामे वेगळी आहेत. गाठीची लांबी, रुंदी, जाडी मोजून ती आधीच्या मापाशी ताडता येते. डॉप्लर पद्धतीने गाठीतला रक्तप्रवाह कमी झाला का, याचा अंदाज घेता येतो. गाठीचा दाब मूत्रवाहिनीवर आला तर मूत्रपिंडाला सूज येते. ती सूज उतरते आहे की वाढते आहे, तेही दिसते. सिस्प्लॅटिनचा भार मूत्रपिंडावरच पडत असल्याने ही माहिती फार मोलाची असते.

ब्रॅकीथेरपीच्या वेळी नळी गर्भाशयात नीट बसली की भिंतीला टोचते आहे, हेही सोनोग्राफीवर पाहता येते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. उमेश महांतशेट्टी व सहकाऱ्यांनी यासाठी पोटावरून केलेली सोनोग्राफी आणि एमआरआय यांची मापे ताडून पाहिली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ती बरीच जुळली. एमआरआय महाग आणि सगळीकडे मिळत नाही. सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याच्या गावीही असते. तिच्यात किरणांचा मारा नाही, केवळ ध्वनिलहरी असतात.

मात्र तिच्या मर्यादाही ओळखाव्यात. रेडिएशननंतर सुजलेला किंवा व्रणासारखा झालेला भाग आणि जिवंत गाठ यांतला फरक ती दर वेळी सांगू शकत नाही. आम्ही शिक्षक आकारिक आणि संकलित मूल्यमापन असा भेद करतो. मधल्या चाचण्यांवरून मूल कुठे आहे ते कळते, पण निकाल वर्षाच्या शेवटी लागतो. उपचाराच्या मधली सोनोग्राफी ही अशीच मधली चाचणी आहे. निकालासाठी उपचार संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी डॉक्टर स्वतः आतून तपासतात आणि गरजेप्रमाणे एमआरआय किंवा पेट-सीटी सांगतात. त्यानंतरही पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी जावे लागते.

आता हयेचा प्रश्न. पोटावरून सोनोग्राफी करताना पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगतात. कधी योनिमार्गातून तपासणी करावी लागते आणि तिथे आपल्या स्त्रिया मागे हटतात. इलाजासाठी गरजेपुरती तपासणी करून घ्यायला दीनमध्ये मनाई नाही, हे आपले उलेमा सांगत आले आहेत. स्त्री डॉक्टर मिळेल का, असे आधी विचारावे. सोबत बहीण, सून किंवा मुलगी असावी. पण स्त्री डॉक्टर नाही म्हणून तारीख चुकवू नये.

आपल्या जिल्ह्यातून कोणी डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात जाते, कोणी कोल्हापूरला, कोणी परळला टाटामध्ये. कुठेही जा, सगळे रिपोर्ट तारखेनुसार एकाच फाइलमध्ये लावा. जुने माप समोर नसेल तर नव्या मापाचा अर्थ लागत नाही. शक्य तर दर वेळी एकाच ठिकाणी सोनोग्राफी करा. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : गाठ आधी किती होती, आता किती आहे आणि मूत्रपिंडे ठीक आहेत का. परदेशातल्या मुलाला ‘अम्मी बरी आहे’ एवढेच न कळवता रिपोर्टचा फोटो पाठवा, म्हणजे तो फोनवरून देईल तो सल्लाही माहितीवर आधारलेला असेल.

खर्चाची अडचण असेल तर रेशन कार्ड व आधार कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात.

आजारी बाई स्वतः ‘आता पुरे’ म्हणेल, कारण घरच्यांचा पैसा आणि वेळ आपल्यापायी जातो आहे, हे तिला सलत असते. अशा वेळी तिचे ऐकून गप्प बसणे ही तिची कदर नव्हे. पुढच्या तपासणीची तारीख घरच्यांनी लक्षात ठेवावी आणि सोबत जावे. अल्लाह सर्व आजारी भगिनींना शिफा देवो.